शुक्रवारचा तास आणि आल्पोची बोंबलणारी गाडी

आल्पो तिलिकाइनेनला त्या हिवाळ्यात काय मिळायचं होतं, त्याचा हिशेब आधी मांडू. आमच्या इमारतीच्या तळघरात सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, एकच, आणि आठवड्यातून प्रत्येक घराला त्यातला एक तास. सोमवारी दुपारी चारचा तास म्हणजे कोमट भट्टी आणि गार बाकं. तो माझ्याकडे आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातचा तास म्हणजे तापून तडतडणारे दगड, संपलेला आठवडा आणि फ्रीजमध्ये वाट बघणारी बिअर. असा तास माणूस जिवंतपणी सोडत नाही. पण तो ज्या राउहाआजीचा होता, ती ओउलू शहरात बहिणीकडे राहायला गेली आणि तास मोकळा झाला. रांगेत पहिला आल्पो, दुसरी तळमजल्यावरची हिल्का सोर्सा, तिसरा मी. निर्णय गुरुवारच्या सभेत होणार होता, आणि नियम असा की ज्याच्या नावावर गोंगाटाची तक्रार उभी आहे, त्याचा नंबर शेवटी.

नेमकी त्याच जानेवारीत आल्पोची गाडी रोज पहाटे सहाला बोंबलायला लागली.

भोंगा, चारही दिवे, सगळा थाट. आल्पो दुसऱ्या मजल्यावर राहतो. चोर हवेतूनच किल्लीचा सिग्नल पळवतात असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तो रिमोट कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, झाकण ठोकून. त्यामुळे रोज पहाटे आधी गाडी ओरडायची, मग झाकण उघडेना म्हणून आल्पो ओरडायचा, आणि मग तो बाथरोब आणि सपातांवर, उणे सत्तावीसमध्ये, बटण दाबत दाबत खाली धावायचा. वरून रिमोट पोचत नसे. अगदी गाडीला नाक लावलं की भोंगा थांबे.

त्याने रिमोटमधली बॅटरी बदलली. नवी बॅटरी त्याने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातून काढली होती, म्हणजे ती नवी नव्हती. मग खरोखरची नवी आणली. आता रिमोट खिडकीतून चालू लागला, पण गाडीचं रडणं तसंच. गॅरेजमध्ये नेली, तर तिथे दोन दिवस ती शाळेत तपासनीस आल्यावरच्या पोरासारखी गप्प. मेकॅनिकने संगणक लावून एवढंच सांगितलं, की गाडीच्या आत काहीतरी हलतं असं गाडीचं म्हणणं आहे.

आत कोण हलणार? आल्पो एका पहाटे स्वतः आत बसला. अलार्म चालू ठेवून बसला असता तर गाडीने त्यालाच चोर ठरवलं असतं, म्हणून त्याने तो बंद ठेवला. अलार्म बंद, म्हणून भोंगा गप्प. यावरून आल्पोने निष्कर्ष काढला, की चोर त्याला घाबरला.

मग त्याने बर्फातले ठसे तपासले. सगळे त्याच्याच सपातांचे निघाले. तरीही संशय कुणावर तरी घ्यायचाच होता, आणि रांगेत दुसरी कोण, हे त्याला माहीत होतं. बावीस वर्षं हिल्काला ‘तू’ म्हणणारा आल्पो त्या आठवड्यात ‘तुम्ही’वर आला. आमच्याकडे ‘तुम्ही’ म्हणजे दार लावून घेणं. जिन्यातल्या फळ्यावर त्याने चिठ्ठी लावली, की काही माणसांना दुसऱ्याचा शुक्रवार बघवत नाही. नाव लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं.

हिल्का वर गेली आणि म्हणाली, उद्या पहाटे माझ्या स्वयंपाकघरात येऊन बस, माझ्या खिडकीसमोरच तुझी गाडी उभी असते.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे ते जुळलं. हिल्काने कॉफी केली, दालचिनीचे पाव गरम केले. आल्पो रिमोट मुठीत धरून खिडकीशी बसला.

“कप दोन्ही हातांत धरा,” तो म्हणाला. “नंतर वाद नको.”

“आणि पाव काय पायाने खाऊ?”

सहा वाजले. पार्किंगमधल्या विजेच्या खांबावर ज्याचं त्याचं घड्याळ असतं. ठरल्या वेळी ते वायरीतून गाडीतला छोटा हीटर चालू करतं, म्हणजे निघेपर्यंत स्टिअरिंग धरण्याजोगं होतं. आल्पोच्या हीटरचा पंखा सुरू झाला. काचेवरचा बर्फ वितळून एक गोल डाग मोकळा झाला, आणि त्या डागात, आरशाला लटकवलेली एक हिरवी लोकरीची वस्तू डुलायला लागली.

“आल्पो, जुडी हलतेय.”

“वारा असेल.”

“बंद गाडीत?”

आणि भोंगा वाजला.

ती जुडी म्हणजे सॉनात अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्यांची इवलीशी विणलेली प्रतिकृती. शुक्रवारचा तास तुलाच मिळो, असं म्हणत नाताळात हिल्कानेच ती त्याला दिली होती. गॅरेज उबदार, तिथे हीटर लावायची गरज नव्हती, म्हणून तिथे जुडी हललीच नाही.

आल्पोने भोंगा बंद केला. जुडी काढणं सोपं होतं, पण भोंग्याची तक्रार कालच नोंदली गेली होती आणि सभा त्याच संध्याकाळी होती. फळ्यावर चिठ्ठी लावणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? हिल्काने फक्त गप्प बसायचं, की शुक्रवार तिचा.

“मी सभेत सांगते, गोंगाट माझ्या भेटीने झाला,” हिल्का म्हणाली. “तक्रार मिटेल. पण शुक्रवारचा पहिला अर्धा तास माझा.”

“पहिला का?”

“कारण भेट माझी होती, मूर्खपणा तुझा.”

आल्पोने दुसरा पाव घेतला. “तू साखर कमी घालतेस,” तो म्हणाला. हिल्काला तेवढी माफी पुरली; ‘तू’ परत आलं होतं.

सभेत तसंच ठरलं. फेब्रुवारीभर शुक्रवारी साडेसातला हिल्का लाल होऊन बाहेर यायची आणि टॉवेल खांद्यावर टाकून आल्पो आत जायचा. मी त्याच वेळी तळघरात माझ्या बर्फावर घसरायच्या स्कींना मेण लावायला जात असे. रांगेतल्या तिसऱ्याने डोळे उघडे ठेवावेत.

मार्चमधल्या एका शुक्रवारी साडेसातला कुणीच बाहेर आलं नाही. आठला दोघं एकदम आली, दगडांवर पाणी किती टाकावं यावर भांडत. ती हिरवी जुडी आता सॉनाच्या दाराच्या खुंटीवर लटकते. दार उघडलं की डुलते, पण तिथे बोंबलायला कुणी नाही.

तर जमाखर्च असा. आल्पोने अर्धा तास दिला, तो त्याला व्याजासकट परत मिळाला. हिल्काची थोडी लोकर गेली आणि एक न्याहारी. गाडीचं काहीच गेलं नाही. आता त्या तासावर एकाऐवजी दोन माणसं बसलीत, दोघांची तब्येत उत्तम, आणि पहिला आणि दुसरी दोघंही आत गेल्यामुळे रांगेत मी एकटा उरलोय. बाकीचं कोणी भरलं, ते बघायचं असेल तर सोमवारी चारला तळघरात या. जाड स्वेटर घालून या.