सासूबाईंची तोंडी परीक्षा

सासूबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, तीत बसून पोटावर विमानातल्या पट्ट्यासारखा टॉवेल आवळून बांधला आणि सुनेला फर्मावलं,

“हं, उडव विमान.”

परदेशातल्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. मुलानं अट घातली होती : प्रवासापुरतं इंग्रजी आलं तर आईनं एकटीनं जावं, नाहीतर सोबत बायकोला धाडीन. सोबत म्हटल्यावर सासूबाईंचं पित्त खवळलं. मी काय पार्सल आहे, कुणीतरी नेऊन पोचवायला? विमानानं एकटी जाणार, हे त्यांनी त्याच दुपारी गल्लीभर सांगून टाकलं आणि इंग्रजी शिकवायला सुनेला जुंपलं.

“जवळच जाऊन परत येणं म्हणजे ट्रिप,” सून भांडी विसळत म्हणाली. “लांबची ती जर्नी. आणि जहाजातून, दिवसचे दिवस, चहूकडे नुसतं पाणीच पाणी... ती व्हॉयेज.”

तिच्या हातातला पेला नळाखाली भरून वाहू लागला.

“नळ बंद कर. जहाजात बसलीयस कधी?”

“पुस्तकात.”

“आणि विमानात?”

“मी कुठं जाते, आई? माहेर दोन गल्ल्या पलीकडं. लग्न होऊन आले तीसुद्धा पायीच.”

सासूबाईंनी टॉवेलाची गाठ सैल केली. मग टॉवेल पुन्हा आवळत म्हणाल्या, “चल, सामान हरवलं तर काय म्हणायचं ते सांग.”

शनिवारपर्यंत सगळं तोंडपाठ झालं. दूधवाल्याला दारात अडवून त्यांनी “माय लगेज इज लॉस्ट” असं काही ठणकावलं, की तो बिचारा आपल्या सायकलीमागे शोधू लागला.

रविवारी मुलगा साहेबासारखा टेबलाशी बसला. सून दाराला टेकून उभी होती. प्रश्न यायच्या आधीच तिचे ओठ उत्तरं पुटपुटत होते.

“व्हेअर आर यू गोइंग?”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग छताकडे.

“आई, कुठं चाललीस विचारतोय.”

“मला काय ठाऊक? पाठवतोयस तू.”

“बरं, हाऊ वॉज युअर जर्नी?”

“कोण ही जर्नी?”

“काल तर दूधवाल्याला फाडफाड ऐकवत होतीस!”

“काल येत होतं. आज म्हातारी झाले.”

“गल्लीभर सांगून बसलीस एकटी जाणार म्हणून. हसतील लोक.”

“हसू देत. दात आहेत तोवर हसतील.”

मुलानं कपाळावर हात मारून घेतला आणि आणखी एका तिकिटाचं बघायला फोन घेऊन बाहेर गेला. दाराशी सुनेचे ओठ थांबले होते.

“बघतेस काय अशी?” सासूबाई खुर्ची जागेवर सरकवत म्हणाल्या. “खिडकीशी मी बसणार, आत्ताच सांगून ठेवते.”