सत्तेचाळीसची हजेरी

आर्लीन व्हॉसच्या ओट्यावर बंबवाल्यांचं बोलणं पकडणारा रेडिओ-स्कॅनर होता, पण त्यातून दुपारपासून नुसती खरखर येत होती. सव्वादोन वाजले होते, पण बाहेर असा तांबूस अंधार साचला होता की स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला. डोंगरापलीकडचा रानझुडपांचा माळ कालपासून पेटला होता आणि गावचा सत्तेचाळीस नंबरचा बंब सकाळी सहापासून तिकडे होता. बंबावर चार माणसं. चौघेही गावचे स्वयंसेवक, आणि त्यांतलाच कप्तान रस, म्हणजे आर्लीनचा एकुलता एक मुलगा.

मोबाईलचा टॉवर बाराच्या सुमारास जळून गेला. रस्ता शेरीफच्या माणसांनी अडवला होता. म्हणजे रसचं काय चाललंय हे कळायला हा डबा एवढाच आधार, आणि त्यानंही ऐन वेळी दगा दिला.

दुसऱ्या कुणा आईला त्या खरखरीतून काही कळलं नसतं, ते एक परी बरं. आर्लीननं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात एकवीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली होती. कोण किती वेळ गप्प राहिलं की काळजी करायची, हे तिला पाठ होतं. आगीवर दर अर्ध्या तासाला हजेरी होते. कक्षातून बंबाचा नंबर पुकारतात, कप्तान फक्त आकडा सांगतो: आत्ता माझ्यासकट इतकी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. नाव कुणी घ्यायचं नाही, कारण घरोघरी स्कॅनर लावून बायका-पोरं ऐकत असतात. एकदा एका कप्तानानं हवेवर नाव घेतलं, तेव्हा आर्लीननंच त्याला नंतर फोनवर असा झाडला होता की बिचारा वर्षभर तिच्या समोर येत नव्हता.

टेबलापाशी शेजारची जोलीन हातात गार कॉफी धरून बसली होती. वसंतात लग्न होऊन ती पोर्टलंडहून इथं आली. जूनमध्ये तिचा नवरा वेस्ली हौसेनं बंबावर भरती झाला आणि आज तो सत्तेचाळीसच्या मागच्या बाकावर होता. शहरातली पोर, तिला या आकड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोनदा तिनं सांगून पाहिलं की हे बंद करा, या आवाजानं मला जास्तच भीती वाटतेय.

“न ऐकण्यानं आणखी वाटेल,” आर्लीन म्हणाली. “बस गप.”

छपरावर आर्लीनचा नवरा डेल्बर्ट अँटेनाची काठी वर चढवत होता. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले. पण रेडिओच्या बाबतीत त्याचा चाळीस वर्षांपासून एकच धर्म: ऐकू येत नाही ना, मग काठी आणखी उंच कर. सकाळपासून त्यानं आठ फूट वाढवले होते आणि खरखर कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली होती. वाढली की तो आणखी एक नळी जोडायचा. हट्टाला औषध नसतं.

अडीचची हजेरी आली ती चिंध्या होऊन. “एकतीस... सहा,” एवढं दुसऱ्या एका बंबाचं हाती लागलं. मग कक्षातून “सत्तेचाळीस” असं पुकारलेलं तिनं ओळखलं, आणि पुढं पाण्यात बुडून बोलल्यासारखं काहीतरी गुडगुडलं. तो रस होता का? की यंत्राचीच कुरकुर? आर्लीननं कान स्कॅनरच्या जाळीला लावला. पुढचा बंब पुकारला गेला, तोही तुटका. आता तीन वाजेपर्यंत काही नाही. रस जिवंत आहे की नाही, एवढी एकच गोष्ट तिला जगात हवी होती, आणि ती चार पत्र्यांच्या आत अडकून बसली होती.

वर डेल्बर्टनं काठीला हिसका दिला आणि स्कॅनरच्या पाठीमागची अँटेनाची वायर सटकन निसटली. त्या क्षणी एका बाईचा आवाज ओट्यावरून स्वच्छ बोलला, “वारा फिरलाय, सगळ्यांनी पूर्वेची—” आणि मग शांत झालं.

आर्लीन त्या लोंबत्या वायरीकडे पाहत राहिली. वायर नव्हती तेव्हा ऐकू आलं होतं. आणि मग तिला उमगलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. मार्चमध्ये जिल्ह्यानं नवी यंत्रणा बसवली होती. पूर्वी एकाच डोंगरावरून आवाज यायचा, आता चार डोंगर तेच बोलणं एकदम बोलतात. चर्चमध्ये चौघांनी एकच प्रार्थना जराजरा मागंपुढं म्हणावी, तसं. काठी जितकी उंच तितके चारही जण कानात ओरडणार आणि एकाचंही धड कळणार नाही. ऐकायचं तर एकाचंच ऐकायला हवं होतं.

“डेल्बर्ट, खाली ये,” ती खिडकीतून म्हणाली. “तुझ्या काठीनंच घात केलाय.”

“चाळीस वर्षं याच काठीनं ऐकवलंय तुला.”

“चाळीस वर्षं एकच टॉवर होता, म्हाताऱ्या. आता चार आहेत. उतर, आणि पाय मोडून घेऊ नकोस, आज ॲम्ब्युलन्स रिकामी नाही.”

खणातून तिनं कागद अडकवायची एक तारेची क्लिप काढली, सरळ केली आणि स्कॅनरमागच्या वायरीच्या भोकात खुपसली. बोटभर तार. स्कॅनर बॅटरीवर टाकला आणि हातात दिवा घ्यावा तसा तो धरून ती घरभर हिंडू लागली. बैठकीत खरखर, न्हाणीघरात खरखर, फ्रिजच्या मागं दोन शब्द आणि परत खरखर. जोलीन मागोमाग होती. तीन वाजायला दहा मिनिटं उरली होती.

तळघरात, पीचच्या बरण्यांच्या फळीखाली, उत्तरेकडच्या भिंतीला स्कॅनर टेकवला तेव्हा खरखर थांबली. तीन बाजूंना आवाज अडवणारी माती आणि चौथी, उताराकडची भिंत उघडी, तिच्यासमोर एकच डोंगर. नियंत्रण कक्षातल्या केंड्राचा आवाज आला, हाताशी बसून बोलावं इतका जवळ. या केंड्राला आर्लीननंच तयार केली होती. काही झालं तरी आवाज चढवायचा नाही, हे तिनंच तिला शिकवलं होतं. केंड्राचा आवाज चढलेला नव्हता, पण ती फार सावकाश बोलत होती, आणि आर्लीनला तेच आवडलं नाही.

डेल्बर्ट जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. जोलीन जमिनीवर आर्लीनला खेटून बसली. तिचा खांदा गरम लागत होता. तीन वाजले आणि केंड्रानं हजेरी सुरू केली.

“एकतीस.”

“सहा.”

“बावन्न.”

“पाच. आम्ही रस्त्यावर आलोय.”

“सत्तेचाळीस.”

काही नाही. आर्लीननं मनात मोजलं, एक, दोन, तीन. केंड्रानं परत पुकारलं. काही नाही. तीनदा पुकारून उत्तर नाही आलं तर पुढं काय म्हणायचं असतं, ते वाक्य आर्लीननं स्वतः दोनदा म्हटलेलं होतं. देवा, फक्त त्याचा आवाज ऐकव, ती म्हणाली, बाकी मी काही मागत नाही. खरंच तिनं बाकी काही मागितलं नाही.

“सत्तेचाळीस,” केंड्रा तिसऱ्यांदा म्हणाली.

“सत्तेचाळीस.” धापा टाकत, खोकत, पण तो रसच होता. लहानपणी गोवर आला तेव्हाही तो असाच खोकायचा. आर्लीनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डेल्बर्टनं चेहरा दोन्ही हातांत घेतला. आणि मग रसनं आकडा सांगितला.

“तीन.”

केंड्रानं परत सांगायला लावलं, तसं करायचा नियमच आहे.

“तीन,” रस म्हणाला. “परत सांगतो, तीन.” नाव त्यानं घेतलं नाही.

डेल्बर्टनं मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. आर्लीनला त्याच्याकडे पाहवेना. रस सोडला तर त्या बंबावर आणखी तिघं होते, आणि त्यांतला एक कमी होता. कोणता, हे त्या खोऱ्यात ऐकत बसलेल्या एकाही घराला कळणार नव्हतं.

जोलीननं मात्र दोन्ही हातांनी तिला कवटाळलं होतं. ती हसत होती, रडत होती, तिचं नाक वाहत होतं. “तुमचा रसच ना तो? मी ओळखला आवाज. बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत माझं, मी तर बंद करा म्हणत होते,” ती म्हणाली. मग डोळे पुसत तिनं विचारलं, “तीन म्हणाला ना तो? त्या गाडीवर एकूण किती जण असतात?”

आर्लीननं स्कॅनर खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.