सोमाच्या नावावर लखन

सातपूरच्या त्या कारखान्यात विम्याच्या कागदावर नाव असल्याशिवाय ठेकेदाराच्या माणसाला पास मिळत नसे. रंगकामाचा ठेका घेतलेल्या संतोषच्या कागदावर पाच रंगारी होते, पाचही पेठ तालुक्यातले. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, कुणी गावी गेला की त्याच्या पासवर घरातलाच दुसरा यायचा. वॉचमन नावं जुळवायचा, चेहरे नाही. यंदा सोमा गेला आणि त्याचा मेहुणा लखन आला. नवं नाव चढवायला एजंटाला एक फोन पुरला असता. "आठवड्याचाच तर प्रश्न," म्हणत संतोषने तो केला नाही.

आज लखन शेडच्या पत्र्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात नाव विचारताच संतोषच्या तोंडून निघून गेलं, "सोमा."

कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसर उज्वला मॅडम लगोलग आल्या. "घाबरू नका संतोष. सोमाचं नाव पॉलिसीत आहे, मी स्वतः पाहिलंय."

या धीरानेच संतोष पेचात पडला. खरं सांगावं तर लखनला विमा नाही आणि ठेकाही गेला. गप्प बसावं तर लखन जन्माचा लंगडा झाला तरी कागदावर लंगडा सोमाच. आणि सोमा तिकडे चिखलात धडधाकट उभा.

मॅडम डॉक्टरांकडे वळल्या तसा लखन कण्हत म्हणाला, "शेट, सोमाच्या नावानं काम केलं. आता मरायचं बी त्याच्याच नावानं का?"

"मरत नाहीस. गप पड."

दुपारी लखनची बायको कुसाबाई पेठहून आली. नर्सने संमतीचा कागद पुढे केला. "सोमाची बायको ना? अंगठा द्या, ऑपरेशनला न्यायचंय."

"कोनाची बायको?"

"कागदापुरतं, ताई," संतोष कुजबुजला.

कुसाबाईने हात पदराखाली घेतला. "सोमा माझा पाठचा भाऊ हाय. त्याची बायको म्हनून अंगठा देऊ? तुमच्या बहिनीला सांगाल का असं?"

उज्वला मॅडम जवळ आल्या. "संतोष, स्ट्रेचरवर कोण आहे?"

नर्स कागद धरून ताटकळली होती.

"लखन," संतोष म्हणाला. "विम्यात नाही तो. खर्च माझ्यावर."

मॅडमनी बाजूला जाऊन गेटला फोन लावला. नर्सने नवा कागद आणला. कुसाबाईने अंगठा दाबला. स्ट्रेचर आत गेलं.

पाठोपाठ संतोषचा फोन वाजला. उरलेले चौघे गेटबाहेर उभे होते. "शेट, आमाला का काढलं? आमची नावं तर हायेत ना कागदात?"