एकाच नावाच्या मुऱ्या

महाळुंग्याचा शेतकरी रोहिदास याचा फोन आला तेव्हा विजयश्री आकुर्डीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होती.

"मॅडम, तुमच्या मुऱ्या वाचल्या! आमच्या ओढ्यातल्या समद्या उचलल्या. आता टेकडीपल्याडच्या ओढ्यात सोडतोय. साहेब आलेत, कंपनीवाले आलेत. तुमी बी या की!"

विजयश्री घाईने म्हणाली, "सोडू नका! मी येईपर्यंत एकही..."

पलीकडे कुणीतरी माइक तपासत होतं. फोन कट झाला.

मुरी म्हणजे बोटाएवढा, मिशा असलेला मासा. पावसाळी ओढे वाहू लागले की दिसतो, आटले की दगडांखालच्या ओलीत तग धरतो. महाळुंग्याच्या आसपासचे ओढे एकेक करून कंपन्यांच्या कुंपणांत गेले, तशा मुऱ्याही गेल्या. उरलेल्या संकटग्रस्त ठरल्या. सरकारदरबारी त्या सगळ्या एकाच जातीच्या. विजयश्रीने मात्र त्यांचे डीएनए तपासले आणि ती चक्रावून गेली. रोहिदासच्या गावातल्या ओढ्यातली मुरी वेगळी, टेकडीपलीकडची वेगळी. दिसायला जुळ्या बहिणी, पण फारकत होऊन लाखो वर्षं झालेली. एकत्र सोडल्या तर संकर होऊन दोन्ही जाती पुसल्या जायची भीती होती.

हे तिने वनखात्याच्या साहेबांना बैठकीत सांगितलं होतं. रोहिदासच्या गावचा ओढा बुजवून तिथे कंपनीचा ट्रकतळ होणार, हे तेव्हाच ठरलं होतं.

"पण मॅडम, नाव तर एकच आहे ना?" साहेब म्हणाले होते.

"नवीन नाव शोधनिबंध छापून आल्यावर मिळेल. तो अजून तपासणीत आहे."

"मग छापून आल्यावर बघू."

तळवड्याच्या चौकात तिची स्कूटर नव्या गाड्या लादलेल्या ट्रेलरमागे अडकली. ट्रेलर हलेना. तिने हॉर्न दाबून धरला, तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, वाजवून काय तो उडणार आहे का?" तिला रडावंसं वाटलं.

ती पोचली तेव्हा टेकडीपलीकडच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्यापाशी टाळ्या चालू होत्या. एकसारख्या टी-शर्टातली मंडळी रिकामे ड्रम धुत होती. झाडाला फ्लेक्स बांधला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत 'मार्गदर्शन' म्हणून तिचंच नाव.

"या मॅडम! शेवटचा ड्रम तुमच्या हस्ते," साहेब म्हणाले.

"तो खाली ठेवा. हे मासे मी घेऊन जाते."

"संकटग्रस्त मासा आहे. परवानगीशिवाय नेता येत नाही."

"साहेब, ही ती जात नव्हेच! तेच तर मी तेव्हापासून..."

"मग ती संरक्षितही नाही. एवढा आटापिटा कशाला?"

तीच जात म्हटलं तर हात लावायचा नाही, वेगळी म्हटलं तर वाचवायचं नाही. विजयश्री ओढ्याकडे वळली. पाण्यात मुऱ्या सरसर पांगत होत्या. कुठली इथली आणि कुठली तिथली, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

रोहिदास जवळ आला. त्याच्या घराण्याची जमीन त्या बुजणाऱ्या ओढ्याकाठीच होती. ड्रम त्याने स्वतःच्या टेम्पोतून आणले होते, डिझेलसुद्धा पदरचं. "म्हंजी आमच्या मुऱ्या न्याऱ्या हायत?"

"हो. दुसरीकडे कुठे सापडलेल्या नाहीत."

"आन् आमी त्या हितं मिसळल्या." त्याचा चेहरा उतरला. मग तो ड्रमासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, फोटो झालं न्हवं? मंग ह्यो ड्रम माझा. मी नेतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. घसा कोरडा करून जे तिला जमलं नव्हतं, ते फोटोंनी झालं. तिला बरं वाटण्याऐवजी जास्तच संताप आला.

ड्रम टेम्पोत घालून दोघं महाळुंग्याला आले. ओढ्यात मुरमाचे ढीग पडलेच होते. रोहिदासच्या गोठ्याजवळ गुरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद होता. त्यात त्यांनी मासे सोडले.

"जगतील ना?"

"जगतील. पण ही अंडी घालते वाहत्या पाण्यात, गोट्यांमध्ये. इथे पिल्लं व्हायची नाहीत."

"मंग मोटर लावू. पाणी फिरवू."

"रोहिदास, सारखं मोटर लावून ओढा होतो का?" ती ओरडलीच. मग तिलाच वाईट वाटलं. ती हौदाच्या काठावर टेकली.

तो रागावला नाही. "मंग काय करू, ते तरी सांगा."

तिने हात घालून हौदाचा गुळगुळीत सिमेंटचा तळ चाचपला. यातून काही निष्पन्न होईल असं तिला वाटत नव्हतं. "मोटर लावाच. पण आधी गोटे लागतील," ती शेवटी म्हणाली. "त्याच ओढ्यातले. डंपरची पुढची खेप पडायच्या आत."

रोहिदासने दोन घमेली उचलली. एक तिने घेतलं. ओढणी कमरेला खोचली आणि ती त्याच्या मागोमाग मुरमाच्या ढिगावरून खाली उतरू लागली.