सहाशे बारा मीटर

शरच्चंद्र बेहेऱ्यांनी टाइपरायटरवरची धूळ फुंकून उडवली, कागद सरळ बसलाय ना हे चष्म्याच्या काठावरून पाहिलं आणि दोन बोटांनी टाइप करायला सुरुवात केली. खरं तर कॉलेजात दत्तोबा टायपिस्ट होता आणि त्याचा हात विजेसारखा चालायचा. पण हा कागद दत्तोबाच्या हाती देण्यासारखा नव्हता. हातानं लिहिण्यासारखा तर मुळीच नव्हता. बेहेरे सरांचं अक्षर ओळखत नाही असा भूशास्त्राचा विद्यार्थी पंचवीस वर्षांत पुण्यातून बाहेर पडला नव्हता.

कागद म्हणजे एका शोधनिबंधावरचा अभिप्राय. एका संशोधनपत्रिकेच्या संपादकांनी निबंध तपासायला त्यांच्याकडे पाठवला होता. परीक्षक कोण हे लेखकाला कळवायचं नाही असा रिवाज. लेखकाचं नाव मात्र पहिल्याच पानावर ठसठशीत होतं. बिलकिस मोमीन. त्यांचीच विद्यार्थिनी, आणि गेली तीन वर्षं त्यांच्याच विभागात, त्यांच्या शेजारच्या खोलीत बसणारी अधिव्याख्याती.

निबंधात तिनं सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या अकरा थरांची एक मोट बांधली होती. एकाच कुळातले, एकावर एक बसलेले थर ओळखायचे, त्यांची खालची आणि वरची हद्द ठरवायची आणि सगळ्यांना मिळून एक नाव द्यायचं. अशा गठ्ठ्याला ही मंडळी फॉर्मेशन म्हणतात. नाव माणसाचं चालत नाही. ते थर जिथं सर्वांत चांगले उघडे पडलेले असतील, तिथल्या गावाचं, ओढ्याचं नाहीतर खिंडीचं घ्यायचं. आणि जे आधी छापून येईल ते टिकतं. बिलकिसनं घाटाच्या पायथ्याच्या गावाचं नाव सुचवलं होतं: नाळवंडी.

शरच्चंद्रांच्या वहीत याच थरांचं नाव पांगरखिंड होतं, माथ्यावरच्या खिंडीवरून. अडुसष्ट सालापासून. वही कपाटात होती. दरवर्षी छापायचं ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी राहून जायचं. आणखी एक चढण, आणखी चार नमुन्यांची तपासणी. सोळा वर्षं त्यांनी त्या थरांचे लाड केले, आणि बारसं करून मोकळी झाली ही काल आलेली पोरगी!

तिच्याबद्दल त्यांना राग नव्हता असं ते स्वतःला सांगत. राग नव्हताच. तो निखळ मत्सर होता, आणि छप्पन्नाव्या वर्षी तो पहिल्यांदाच झाल्यामुळे त्यांना तो ओळखू येत नव्हता. गेल्या महिन्यात परिसंवादाला आलेल्या एका पाहुण्यानं फळ्यावर खडूनं ‘नाळवंडी’ लिहिलं, तेव्हा पाणी प्यायच्या निमित्तानं ते उठून बाहेर गेले होते. निबंध छापूनसुद्धा आला नव्हता, आणि नाव लोकांच्या तोंडी बसायला लागलं होतं.

आता निबंधात खोट काढणं भाग होतं. आणि देवाच्या दयेनं खोट होती.

बिलकिसनं फॉर्मेशनची खालची हद्द सहाशे चाळीस मीटर उंचीवरच्या लाल मातीच्या पट्ट्यावर धरली होती. वाटेवरून जाणारा कुणीही तिथंच धरेल. पण तिसऱ्या वळणाच्या डावीकडे, कारवीच्या रानात घुसून ओढ्यात उतरलं, तर खाली त्याच कुळातला आणखी एक थर होता. शरच्चंद्रांनी ते लिहिलं. वळण लिहिलं, ओढा लिहिला, थराच्या तळाची उंची लिहिली: सहाशे बारा मीटर. सबब निबंध अपुरा, नाव मान्य करू नये. इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला शेवटचा टोमणा गिळवत नाही. त्यांनी आणखी एक वाक्य टाइप केलं, ते दोनदा वाचलं, खूश झाले आणि पाकीट चिकटवलं.

पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, बिलकिस त्यांच्या कर्वेनगरच्या घरी आली. दारात बूट काढताना तिनं पायपुसण्यावर लाल माती पडू नये म्हणून ते बाहेर भिंतीला टेकवून ठेवले. चेहरा उन्हानं रापला होता.

“सर, परीक्षकांचा अभिप्राय आलाय. तुम्हाला दाखवायचा होता.”

“मला कशाला? ते गुप्त असतं.”

“परीक्षक गुप्त असतात, सर. अभिप्राय नाही.”

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं पिशवीतून कागद काढला. शरच्चंद्रांनी तो हातात घेतला नाही, तेव्हा तिनंच वाचायला सुरुवात केली. थराबद्दलचा भाग तिनं भराभर वाचला. शेवटचं वाक्य मात्र सावकाश वाचलं.

“‘लेखिकेला ही चढण झेपलेली दिसत नाही, खुर्चीत बसून डोंगरांना नावं ठेवणं मात्र छान झेपलं आहे.’”

टाइप करताना हे वाक्य किती खुमासदार वाटलं होतं! आता, दिवसाउजेडी, दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते नुसतंच हलकट होतं. शरच्चंद्रांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

“हे वाचून मी दोन दिवस कॉलेजात आले नाही,” बिलकिस म्हणाली. “मग अब्बांची स्कूटर काढली आणि गेले.”

“एकटी?”

“अमीन होता बरोबर. पण माझा भाऊ तो, कारवी बघूनच रस्त्यावर बसला. मी उतरले ओढ्यात. थर आहे, सर. वरच्या थरांसारखेच बोटाएवढाले पांढरे स्फटिक. माझ्या उंचीमापकावर सहाशे अकरा दाखवत होतं.”

‘बारा’ शरच्चंद्रांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“तिथं हातोड्याचे घाव आहेत,” ती म्हणाली. “जुने. शेवाळ चढलंय त्यांच्यावर.”

ते चष्मा पुसत राहिले.

“मी चुकले होते. परीक्षकांनी सांगितलं ते बरोबर आहे, फॉर्मेशन तिथूनच सुरू होतं. निबंध मी दुरुस्त केलाय, संपादक छापतील. पण तो थर काही माझा नाही ना. जो आधी गेला त्याचा आहे. तसं लिहायला त्याची सही लागते.”

तिनं दुसरा कागद टेबलावर ठेवला. त्यावर एवढंच होतं: ‘या फॉर्मेशनची खालची हद्द प्रा. शरच्चंद्र बेहेरे यांनी सर्वप्रथम शोधली व मोजली.’ खाली सहीपुरती जागा कोरी.

शरच्चंद्रांनी चष्मा घातला आणि ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. सोळा वर्षं त्यांना जे हवं होतं ते एका ओळीत समोर पडलं होतं. नुसती सही करायची होती. पण सहाशे बारा मीटरचा तो थर त्यांचा ठरला, की खुर्चीत बसून नावं ठेवण्याचं ते वाक्यही त्यांचंच ठरणार होतं. दोन्ही एकाच कागदावर, एकाच यंत्रावर उमटलेलं.

“हे माझं काम आहे असं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण सर, नकाशातसुद्धा नाहीये तो ओढा. एवढे पाय झिजवणारं पुण्यात दुसरं आहे कोण?”

ती टोचून बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. पण ती मनापासून बोलत होती, आणि त्याचाच त्यांना राग आला. आधी डोंगर घेतला, आता मोठेपणाही हिनंच घ्यायचा!

“मी त्या घाटात कधी गेलेलो नाही,” ते म्हणाले.

बिलकिसनं पेन उघडलं, कागद आपल्याकडे ओढला आणि त्यांच्या नावावरून एक सरळ रेघ मारली.

“मग इथं काय लिहू?”

“तू मोजलंस. तुझं लिही.”

“बरं.”

तिनं लिहिलं. तेवढ्यात शरच्चंद्रांच्या पत्नी, मंदाकिनीबाई, चहा घेऊन बाहेर आल्या.

“किती रापलीस गं! कुठं गेली होतीस उन्हातान्हाची?”

“नाळवंडीला, काकू.”

“अगं बाई, नाळवंडी!” मंदाकिनीबाईंनी ट्रे टेबलावर टेकवला. “त्या घाटानं माझ्या सहा दिवाळ्या खाल्ल्या. इकडे पाडव्याचं ताट वाढलेलं, आणि हे तिकडे फराळाचा डबा घेऊन दगड फोडतायत. एकदा तर ओढ्यात पडून—”

शरच्चंद्र कपातल्या सायीकडे पाहू लागले. बिलकिसनं दोन्ही कागदांची नीट घडी घातली आणि ते पिशवीत ठेवले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तो घाट वेगळा असेल हो, काकू,” ती हसून म्हणाली. “सर नाळवंडीला कधी गेलेलेच नाहीत.”

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“वेगळा होता?”

“वेगळा,” शरच्चंद्र म्हणाले, आणि चहा सांडू नये म्हणून त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.