दोन लांब, एक तुटका

कोंडूआबाच्या वाडीत एक नियम होता. रानात कुणी अडकलं, तर त्यानं कुकारा घालायचा. दोन लांब, एक तुटका. ज्याच्या कानावर पडेल त्यानं तसाच कुकारा परत द्यायचा, हातातलं काम टाकायचं आणि आवाजाच्या दिशेनं निघायचं. उत्तर मिळालं की अडकलेल्यानं गप्प राहायचं, जागा सोडायची नाही, दम राखायचा. गुरांमागं जाणारी पोरंसुद्धा कुकाऱ्याची थट्टा करत नसत.

वाडी तुंगार्लीच्या तळ्यामागं, डोंगराच्या सोंडेवर. समोर दरी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं धबधबे बघायला येत आणि आबाचा मुलगा गणेश त्यांना वाट दाखवी. आबाचे गुडघे गेल्यापासून तो दारापुढच्या खडकावर बसून असे. आलेल्या मुलांना जवळ बोलावी. कारवी कशी ओळखायची, निसरड्या दगडावर पाय आडवा कसा टाकायचा, खेकडा कुठून धरायचा, सगळं शिकवी. एकदा नाही समजलं तर चारदा सांगे. मुलांना सगळ्यांत आवडे तो कुकारा.

"नगा शिकवू त्यास्नी," सारजाबाई, त्याची बायको, म्हणायची. "खेळ करत्यात त्याचा."

"अगं, कुटं चुकलीमाकली तर जीव वाचंल पोरांचा."

मुलांनी कुकारा आपल्याबरोबर शहरात नेला. मोठ्यांनीही उचलला. तीन पावसाळ्यांत सुट्टीच्या दिवशी दरीभर कुकारे घुमू लागले. वाडीची माणसं आधी धावली. मग नुसती मान वर करू लागली. मग तेही राहिलं.

श्रावणातल्या एका शनिवारी माधवी मॅडम पुण्याहून आपल्या शाळेतली वीस मुलं घेऊन आल्या. धुकं इतकं होतं की खडकावरून आबाला स्वतःच्या घराचा पत्रा दिसत नव्हता. पुढच्या ओढ्यावर दोर बांधून येतो, मग मुलांना नेतो, असं सांगून गणेश एकटाच गेला होता. तोवर मुलं आबाभोवती बसली.

"पोटातून काढायचा आवाज. गळ्यातून न्हाई," आबानं सांगितलं.

मुलांनी दहादा काढला. मग खालून, धुक्यातून एक कुकारा आला. दोन लांब, एक तुटका.

"आबा, तिकडून कोणीतरी ओरडलं," प्रेरणा नावाची मुलगी म्हणाली.

"आसतील तुमच्यासारकीच कुणाची तरी पोरं."

"पण उत्तर द्यायचं असतं ना? तुम्हीच म्हणालात."

आबा हसला. हुशार होती पोरगी. "दे की मग."

प्रेरणानं हात तोंडाशी धरून उत्तर दिलं. खालून पुन्हा आवाज आला. या वेळी वीसही मुलांनी मिळून कुकारा घातला. त्यानंतर खालचा आवाज थांबला.

"हरले ते," एक मुलगा म्हणाला, आणि सगळी हसली. आबाही हसला.

गणेश आला नाही. दोन तास वाट बघून माधवी मॅडम मुलांना घेऊन लोणावळ्याला परतल्या. ओढा भरला असेल, पलीकडच्या वाटेनं कुसगावात उतरला असेल, असं आबाला वाटलं. संध्याकाळी वाडीतला हनुमंत कुसगावहून परत आला. तिकडं गणेश कुणाला दिसला नव्हता.

गणेशची बायको रंजना चुलीपुढून उठून बाहेर आली. "मामंजी, तुमी तर दिसभर हितंच बसला हुता. काय आईकलं न्हाई?"

 आबानं हात उचलून खालच्या अंगाला दाखवलं.

"आईकलं," तो म्हणाला. "उत्तर बी दिलं."

हनुमंत आणि चौघं बॅटऱ्या घेऊन उतरले. धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. त्यांनी कुकारे घातले, पण दरीतून काहीच आलं नाही. उजाडल्यावर गणेश सापडला. ओढ्याच्या खाली, कड्याच्या एका अरुंद टप्प्यावर. मांडीचं हाड मोडलं होतं. वर त्यानं सदरा घट्ट बांधला होता. पाठ दगडाला टेकून, तोंड वाडीकडं करून बसला होता. जागा सोडली नव्हती.

"पहाटंपर्यंत जित्ता आसंल," हनुमंत म्हणाला. "अंग अजून पुरतं गार न्हाई पडलं."

रंजना आबाला एक शब्द बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ती त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि आत जायची.

पंधरा दिवसांनी वाडी देवळापुढं जमली. जुना कुकारा सोडून नवा काहीतरी ठरवू, असं हनुमंत म्हणाला. "आबा, तुमीच ठरवा. आन् पोरांना शिकवा."

"म्या न्हाई शिकवायचा आता कुणाला काय," आबा म्हणाला. मग नवा कुकारा ठरलाच नाही.

आता सुट्टीच्या दिवशी दरीत कुकारा उठला की आबा काठी घेऊन निघतो. गुडघे धरत, बसत, कधी हातांवर रांगत तो आवाजापाशी पोचतो. तिथं कुणीतरी मोबाइल धरून हसत उभं असतं.

"काय झालं, बाबा?"

"समदी हायेत ना?" आबा विचारतो.

"हो. आम्ही मजा करत होतो."

आबा एकेकाच्या तोंडाकडं बघतो आणि माघारी वळतो. सारजाबाई आधी त्याला अडवायची. आता ती दारात उभी राहून त्याची काठी धुक्यात जाईपर्यंत बघते.

काल परतताना तो अर्धा चढ चढून आला होता. खालच्या अंगाला पुन्हा आवाज झाला. दोन लांब, एक तुटका. त्यानं उत्तर दिलं नाही. काठी वळवली आणि उतरायला लागला.