बारक्याची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. माजी सैनिकांच्या मंडळातली, खिडकीजवळची. सुताराने मला बसण्यासाठी केलं होतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण इथे त्याचा सगळ्यांना विसर पडलाय. माझ्या दोन्ही हातांना लाल दोरी बांधलीय आणि पाठीवर पाटी ठोकलीय: ‘वीर सोबत्यासाठी राखीव’. हा सोबती म्हणजे यांच्या तुकडीतला बारक्या. तो तरुणपणीच गेला.

त्याआधी मी एका दवाखान्यात होते. तापाने फणफणलेली पोरं, अवघडलेल्या बायका, सगळे माझ्यावर टेकायचे. वेत फाटायचा, पुन्हा विणला जायचा. मजेत होते. मग या मंडळींनी मला लिलावातून उचलून आणलं आणि देव करून टाकलं. तेव्हापासून माझ्या वाट्याला फक्त धूळ आणि भाषणं.

दर रविवारी सकाळी हे जमतात. चहा येतो, बिस्किटं बुडतात आणि युद्ध सुरू होतं. कॅप्टन छाती काढून बसतात. ती केव्हाच घसरून पोटात गेलीय. वायरलेसवाल्याला बायकोची हाक ऐकू येत नाही, पण शत्रूची कुजबुज म्हणे त्याने डोंगरापलीकडून टिपली होती. यांनी लढून जिंकलेली टेकडी दरवेळी थोडी उंच होते. आणि बारक्या बिचारा दर रविवारी वेगळ्या तऱ्हेने मरतो, मरताना भाषणही ठोकतो. एवढा दम असता तर तो जगला नसता का? तुकडीचा ट्रक चालवणारा ड्रायव्हर तेवढा गप्प बसून असतो.

एका रविवारी बारक्याची थोरली बहीण आली. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. आता गुडघे गेलेले, हातात काठी, जिना चढून धाप लागलेली. ती माझ्याकडे वळली, तोच कॅप्टन ओरडले, "अहो ताई, तिथे नको! ती हुतात्म्याची जागा आहे."

"कुणाची?"

"तुमच्याच भावाची!"

सगळे मानवंदनेसाठी उठले आणि पुन्हा आपापल्या खुर्चीत बसले. तिला जागा द्यायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला यांची अक्षरशः किळस आली.

ती उभ्यानेच म्हणाली, "मला एवढंच विचारायचंय. शेवटी तो काही बोलला का? माझे डोळे मिटायच्या आत कळू दे."

कॅप्टननी घसा खाकरला. "म्हणाला, माझी काळजी करू नका, पुढे चला! विजय आपलाच आहे!"

तिचा चेहरा पडला. "आमचा बारक्या? असं बोलला? मग तो दुसराच कुणीतरी असेल."

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. "ताई, लढाईबिढाई काही नव्हती. पावसात माझा ट्रक दरीत घसरला. तो माझ्या शेजारी पडला होता. म्हणाला, बूट काढ रे, चावतोय. मी काढला. मग म्हणाला, ताईला कळू देऊ नको, ती म्हणालीच होती, एक नंबर मोठा माग."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"यांनी टेकडी उभी केली होती, ताई. मी ट्रक कुठे घालणार?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मेला हट्टी! कधी ऐकलं नाही माझं." तिने दोरी सोडली आणि सरळ माझ्यावर बसली. किती वर्षांनी माझ्या वेताला माणसाचं वजन लागलं! मला भरून आलं. पदराने डोळे पुसत ती बराच वेळ बसून राहिली.

मला वाटलं, सुटले. पण पुढच्या रविवारी कॅप्टन स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. आता माझ्या पाठीवर दुसरी पाटी आहे: ‘येथे हुतात्म्याच्या भगिनी बसल्या होत्या. कृपया बसू नये.’ दोरीही नवी, आधीपेक्षा जाड. ड्रायव्हर येईनासा झालाय. आणि गोष्टीतला बारक्या हल्ली एका पायात बूट नसताना टेकडी चढतो.

तुम्ही कधी दमून हा जिना चढून आलात, तर पाटी वाचत उभे राहू नका. बसा.